कंपनीत सायबर सुरक्षा इन्फ्रास्ट्रक्चर इंजिनीअर म्हणून काम कसे करावे

कंपनीतील सायबर सुरक्षेचे काम अनेकांमध्ये वाटलेले असते. कोणी दिवसरात्र अलर्ट पाहतात, कोणी सॉफ्टवेअरच्या कोडमधील त्रुटी शोधतात, कोणी धोरणे आणि ऑडिट सांभाळतात. इन्फ्रास्ट्रक्चर इंजिनीअरकडे या सर्वांच्या मुळाशी असलेली यंत्रणा येते: नेटवर्क आणि फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा), सर्व्हर, क्लाउडमधील खाती, कर्मचाऱ्यांची ओळख तपासणारी डिरेक्टरी, संकेतस्थळे व यंत्रे यांची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे, लॉग (यंत्रांनी आपोआप लिहिलेल्या नोंदी) आणि बॅकअप. हे सर्व सुरक्षित ठेवायचे आणि त्याच वेळी कंपनीचे काम अडू द्यायचे नाही, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

या पदावर नव्याने येणाऱ्याला बहुधा असे वाटते की, नवी साधने निवडणे आणि बसवणे हेच आपले मुख्य काम आहे. माझे मत निराळे आहे. गेल्या काही वर्षांतील मोठ्या घटनांचे चौकशी अहवाल वाचले, तर विस्मरणात गेलेला सर्व्हर, कोणीच वापरत नसलेले खाते, मुदत संपलेले प्रमाणपत्र किंवा महिनोनमहिने न लावलेला पॅच (सॉफ्टवेअरमधील त्रुटी दूर करणारी दुरुस्ती) यांची नोंद त्यांत पुन्हा पुन्हा आढळते. साधने अनेकदा जागेवर असतात; ती गोष्ट कोणाच्या नावावर आहे हेच ठरलेले नसते. म्हणून प्रत्येक यंत्र, प्रत्येक खाते आणि प्रत्येक मार्ग कोणाचा आहे व कशासाठी आहे, याचे उत्तर कंपनीकडे असावे यासाठी झटणे हा मी या कामाचा गाभा मानतो आणि पुढील सूचना त्याच अनुरोधाने दिल्या आहेत.

पहिले काही आठवडे: काय आहे ते शोधणे

रुजू झाल्यावर लगेच कोणतीही सेटिंग बदलण्याच्या भरीस पडू नये. आधी यादी करावी. बहुतेक कंपन्यांमध्ये मालमत्तेची एक अधिकृत यादी असते आणि ती अपुरी असते, त्यामुळे एकाच स्रोतावर विसंबू नये. डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कवरील पत्ते देणाऱ्या) सर्व्हरने वाटलेले पत्ते, राउटर आणि स्विचमधील एआरपी तक्ते (कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा याची नोंद), हायपरव्हायझरवरील (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरील) व्हर्च्युअल मशीन, डिरेक्टरीत नोंदलेले संगणक, एंडपॉइंट सुरक्षा साधनाचा (प्रत्येक संगणकावर बसवलेल्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा) कन्सोल, डीएनएसमधील (नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या व्यवस्थेतील) नावे आणि क्लाउड सेवेचे मासिक बिल अशा निरनिराळ्या ठिकाणांहून याद्या काढून त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. जे यंत्र नेटवर्कवर दिसते, पण सुरक्षा साधनाच्या कन्सोलमध्ये दिसत नाही, त्याचा शोध सर्वांत आधी घ्यावा.

दोन स्रोतांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिला म्हणजे सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदवह्या. ब्राउझर ज्यांवर विश्वास ठेवतात अशी जवळजवळ सर्व प्रमाणपत्रे त्यांत नोंदवली जातात, त्यामुळे कंपनीच्या डोमेनचे नाव घालून शोध घेतला की पूर्वी कधीतरी चाचणीसाठी उघडलेल्या आणि नंतर तशाच राहिलेल्या संकेतस्थळांची नावे समोर येतात. दुसरा स्रोत म्हणजे लेखा विभाग. कोणत्या विभागाने कोणत्या ऑनलाइन सेवेचे पैसे भरले हे तेथे लिहिलेले असते आणि आयटी विभागाला न कळवता घेतलेल्या सेवा नेमक्या तेथेच सापडतात.

यादीत यंत्राचे नाव आणि पत्ता एवढेच असून भागत नाही. त्याचा मालक कोण, त्यावर कोणती माहिती आहे, ते इंटरनेटवरून दिसते का, त्यावर कोणती सॉफ्टवेअर आहेत आणि ते बंद पडले तर कोणाचे काम थांबेल, हेही लिहावे. मालकाच्या रकान्यात विभागाचे नाव न लिहिता व्यक्तीचे नाव लिहावे, कारण विभागाला पाठवलेली सूचना बहुधा कोणीच आपली मानत नाही.

हे काम किती महत्त्वाचे आहे ते इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीच्या २०१७ मधील घटनेवरून दिसते. अपाची स्ट्रट्स या वेब ॲप्लिकेशन बनवण्याच्या साधनातील त्रुटीचा पॅच त्या वर्षीच्या मार्चमध्येच उपलब्ध झाला होता आणि तो लावण्याची सूचना कंपनीत अंतर्गत ईमेलने पाठवलीही गेली होती. परंतु ज्या जुन्या पोर्टलमध्ये ती त्रुटी होती ते त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनमध्ये सापडले नाही. एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक रूपातली) वाहतूक उघडून तपासणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्रही कित्येक महिन्यांपूर्वी संपलेले होते, त्यामुळे बाहेर जाणारी माहिती कोणाला दिसत नव्हती. जुलैच्या अखेरीस ते प्रमाणपत्र बदलले आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसू लागली. तोपर्यंत सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली होती. पॅच होता, स्कॅनर होता, तपासणीचे उपकरणही होते. नेमके काय कोठे आहे आणि ते चालू आहे का, याची खातरजमा करणारे मात्र कोणी नव्हते.

नेटवर्क: मार्ग कमी करणे

यादी हाती आली की कोणते यंत्र कोणाशी बोलते हे काढावे. फायरवॉलचे लॉग आणि नेटफ्लोच्या (कोणत्या पत्त्यांमध्ये किती वाहतूक झाली याच्या) नोंदी यासाठी पुरेशा असतात. त्यानंतर नेटवर्कचे भाग पाडावेत: कर्मचाऱ्यांचे संगणक, सर्व्हर, डेटाबेस, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसारखी उपकरणे, पाहुण्यांचे वाय-फाय आणि उपकरणांच्या व्यवस्थापनाचे नेटवर्क हे सर्व स्वतंत्र असावेत आणि एका भागातून दुसऱ्यात जाणारी वाहतूक आवश्यक तेवढ्या पोर्टपुरतीच (पोर्ट म्हणजे यंत्रावरील वाहतुकीचे क्रमांकित दार) खुली असावी. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम पोर्ट ४४५ वरून एका विंडोज यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जात होता. एका कर्मचाऱ्याच्या संगणकाला शेजारच्या कर्मचाऱ्याच्या संगणकाशी या पोर्टवरून बोलण्याची गरज सहसा नसते. प्रत्येक संगणकावरील स्वतःच्या फायरवॉलमध्ये एवढा एक मार्ग बंद केला तरी अशा प्रसाराला मोठा अटकाव होतो आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

बाहेरून आत येणाऱ्या वाहतुकीकडे सर्वांचे लक्ष असते, आतून बाहेर जाणारीकडे फार थोड्यांचे. सर्व्हरला इंटरनेटवरील कोणत्याही पत्त्याशी संपर्क साधण्याची मुभा ठेवू नये. अपडेटसाठी लागणारे ठरावीक पत्ते प्रॉक्सी या मध्यस्थ सर्व्हरमार्फत खुले करावेत. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉगफोरशेल या त्रुटीत हल्ल्याच्या नेहमीच्या पद्धतीनुसार बळी पडणाऱ्या सर्व्हरलाच हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क साधून घातक कोड आणावा लागत असे. ज्यांनी हा बाहेरचा रस्ता आधीच अडवला होता, त्यांना पॅच लावण्यासाठी थोडी उसंत मिळाली.

फायरवॉल, व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) उपकरण, हायपरव्हायझर आणि बॅकअप सर्व्हर यांची व्यवस्थापनाची (सेटिंग बदलण्याची) पाने इंटरनेटवरून दिसता कामा नयेत. कंपनीच्या सर्वसाधारण नेटवर्कवरूनही ती दिसू नयेत. त्यांसाठी स्वतंत्र नेटवर्क आणि तेथे जाण्यासाठी एकच नियंत्रित जंप सर्व्हर (आत जाण्यापूर्वी ज्यावर लॉगिन करावेच लागते असे यंत्र) ठेवावा. सुरक्षा उपकरणांमध्येही त्रुटी निघतात आणि इंटरनेटच्या तोंडाशी असल्यामुळे हल्लेखोर त्यांच्याकडे आधी वळतात, ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी.

जुन्या फायरवॉलमध्ये साचलेले नियम काढणे हे कंटाळवाणे पण अत्यंत फलदायी काम आहे. प्रत्येक नियमासोबत तो कोणी मागितला, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेले असावे. ज्याची अशी नोंद नाही तो नियम एकदम पुसू नये. आधी त्यावर लॉग चालू करावा आणि महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि शक्य असल्यास वर्षअखेर जाऊ द्यावी, कारण हिशेबाची काही कामे तेव्हाच चालतात. वापर दिसला नाही तर नियम निष्क्रिय करावा, काही आठवडे वाट पाहावी आणि मग तो काढून टाकावा. जो नियम कोणालाच समजत नाही, त्याला हात लावण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. वरील क्रम पाळला की ती भीती राहत नाही.

ओळख आणि अधिकार

माझ्या मते या पदावरील सर्वाधिक वेळ येथे जायला हवा. नेटवर्कच्या सीमा आता पूर्वीइतक्या स्पष्ट राहिलेल्या नाहीत. कर्मचारी घरून काम करतात, माहिती क्लाउडमध्ये असते, आणि हल्लेखोराला कुलूप तोडण्यापेक्षा चोरलेल्या पासवर्डने लॉगिन करणे सोपे जाते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइनचा इंधनपुरवठा काही दिवस थांबला, त्या प्रकरणात हल्लेखोर वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून आत शिरले होते आणि त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही तपासणी नव्हती.

म्हणून पहिली पायरी म्हणजे बाहेरून होणाऱ्या प्रत्येक लॉगिनला एकाहून अधिक टप्प्यांची तपासणी लावणे, आणि ‘प्रत्येक’ म्हणताना अपवादांची यादी स्वतः उघडून पाहणे. जुने ईमेल प्रोटोकॉल, कंत्राटदारांची खाती आणि वरिष्ठांच्या आग्रहाखातर दिलेली सूट हे अपवाद वर्षानुवर्षे तसेच राहतात. दुसऱ्या टप्प्याची पद्धतही विचारपूर्वक निवडावी. फोनवर ‘मंजूर करा’ अशी सूचना पाठवणाऱ्या पद्धतीत वापरकर्त्याला इतक्या वेळा त्रास दिला जाऊ शकतो की तो अखेरीस मंजुरी देऊन टाकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये हल्लेखोराने एका कंत्राटदाराच्या बाबतीत हेच केले. फिडो या पासवर्डविना लॉगिनच्या मानकावर आधारित सुरक्षा की किंवा पासकी खोट्या संकेतस्थळावर चालतच नाहीत, त्यामुळे निदान ॲडमिनिस्ट्रेटरांना तरी त्याच द्याव्यात.

ॲडमिनिस्ट्रेटरचे रोजचे खाते आणि अधिकाराचे खाते वेगळे असावे. ज्या खात्याला संपूर्ण डिरेक्टरीवर अधिकार आहे, त्याने साध्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर कधीही लॉगिन करू नये, कारण त्या संगणकावर हल्लेखोर बसलेला असेल तर त्या खात्याची ओळखपत्रे (पासवर्डसारखी लॉगिनची माहिती) मेमरीतून उचलता येतात. सर्व संगणकांवर स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा एकच पासवर्ड ठेवणे ही फार जुनी आणि फार महागात पडणारी सवय आहे. विंडोजमधील लॅप्स ही सोय प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देते आणि तो ठरावीक काळाने बदलते.

माणसांच्या खात्यांपेक्षा सॉफ्टवेअरची खाती अधिक अवघड असतात. बॅकअप, स्कॅनर, डेटाबेस जोडणी, स्वयंचलित बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणे) यांसाठी बनवलेल्या सर्व्हिस खात्यांचे पासवर्ड कोणी बदलत नाही, कारण बदलल्यावर काय थांबेल हे कोणाला ठाऊक नसते. प्रत्येक सर्व्हिस खात्याला मालक नेमावा, त्याने कोणत्या यंत्रांवरून लॉगिन करायचे ते बांधून टाकावे आणि माणसाप्रमाणे स्क्रीनवर लॉगिन करण्याची परवानगी काढून घ्यावी. क्लाउडमध्ये कायमस्वरूपी ॲक्सेस कीऐवजी (प्रोग्रामला प्रवेश देणाऱ्या गुप्त अक्षरमालेऐवजी) थोड्या काळासाठी मिळणारे अधिकार वापरावेत, आणि कोडच्या रिपॉझिटरीत (भांडारात) पासवर्ड अथवा की पडलेल्या नाहीत ना, याची तपासणी स्वयंचलित ठेवावी. एकदा तेथे गेलेली की पुसून उपयोग नसतो, कारण जुन्या आवृत्त्यांत ती राहते. ती रद्द करून नवीच घ्यावी लागते.

आणीबाणीसाठी दोन खाती राखून ठेवावीत, जी नेहमीच्या लॉगिन व्यवस्थेवर अवलंबून नसतील. त्यांची ओळखपत्रे बंद पाकिटात तिजोरीत असावीत, त्यांचा वापर होताच अनेकांना सूचना जावी आणि ती खरोखर चालतात की नाही हे ठरावीक अंतराने तपासावे. कर्मचारी नोकरी सोडतो त्या दिवशी त्याची खाती बंद होणे हे मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीशी थेट जोडलेले असावे; ईमेल पाठवून, कोणाला तरी आठवण करून चालणारी पद्धत कधीतरी चुकतेच.

पॅच आणि बदल

दर महिन्याला स्कॅनर हजारो त्रुटींची यादी देतो आणि ती सर्व एकाच वेळी दूर करणे कोणालाही शक्य नसते. केवळ सीव्हीएसएस गुणांवरून (त्रुटीची तीव्रता सांगणाऱ्या गुणांवरून) क्रम लावू नये. ती त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात आहे का, यंत्र इंटरनेटवरून दिसते का आणि त्यावर कोणती माहिती आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी पाहावीत. पहिल्या प्रश्नासाठी अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२१ पासून चालवलेली, प्रत्यक्ष गैरवापर झालेल्या त्रुटींची सूची मोफत उपलब्ध आहे. वॉनाक्रायने वापरलेल्या त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता, म्हणजे हल्ल्याच्या सुमारे दोन महिने आधी. इतका अवधी आता मिळेलच असे गृहीत धरू नये.

घाई मात्र आंधळी नसावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, आणि त्यांत विमानतळ, बँका व रुग्णालयेही होती. कंपनीने ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले होते, पण ज्या यंत्रांवर ते पोहोचले होते, त्यांपैकी पुष्कळ यंत्रे माणसाने प्रत्यक्ष हाताळून पूर्ववत करावी लागली. यावरून टप्प्याटप्प्याने बदल करण्याचा नियम किती मोलाचा आहे ते कळते: आधी चाचणीची यंत्रे, मग आयटी विभागाची, मग प्रत्येक विभागातील थोडी, आणि शेवटी उरलेली सर्व. सुरक्षा साधनांच्या अपडेटलाही हाच नियम लावावा, आणि विक्रेता तशी सोय देत नसेल तर करार करतानाच ती मागावी.

बदलाचा प्रस्ताव लिहिताना काय बदलणार, का बदलणार, कोणावर परिणाम होईल, यशस्वी झाले हे कसे ओळखणार आणि चुकले तर किती वेळात व कोणत्या पायऱ्यांनी मागे जाणार, हे सर्व पूर्ण वाक्यांत लिहावे. मागे जाण्याची पायरी लिहिता येत नसेल, तर तो बदल अजून समजलेला नाही असे मानावे. दूरच्या शाखेतील राउटर किंवा फायरवॉलवर काम करताना उपकरणाच्याच सोयी वापराव्यात. जुनिपर कंपनीच्या उपकरणांमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ हा आदेश दिल्यास, ठरलेल्या वेळेत, जी न सांगितल्यास दहा मिनिटे असते, पुन्हा पुष्टी न केल्यास जुनी मांडणी (सेटिंग) आपोआप परत येते; सिस्को कंपनीच्या उपकरणांमध्ये ‘रीलोड इन’ हा आदेश आधी देऊन ठेवला आणि बदल मध्येच जतन केला नाही, तर संपर्क तुटला तरी उपकरण पुन्हा सुरू होऊन शेवटच्या जतन केलेल्या मांडणीवर येते. एका चुकीच्या ओळीने स्वतःलाच बाहेर कुलूपबंद करून घेण्याचा प्रसंग अशाने टळतो.

काही यंत्रांना पॅच मिळतच नाही. कारखान्यातील नियंत्रण यंत्रे किंवा जुनी वैद्यकीय उपकरणे यांसाठी उत्पादकाचा पाठिंबा कधीच संपलेला असतो. अशांना वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवावे, त्यांच्याकडे जाणारा एकच मार्ग ठेवावा, धोका कोणी स्वीकारला त्या अधिकाऱ्याची सही घ्यावी आणि त्या सहीला मुदत घालावी. मुदतीशिवाय दिलेली सूट ही कायमची सूट असते.

प्रमाणपत्रांविषयी येथे थोडक्यात पण ठासून सांगतो. सार्वजनिक टीएलएस (संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या) प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असा क्रम ठरलेला आहे. कॅलेंडरवर तारीख लिहून हाताने नूतनीकरण करण्याची पद्धत या वेळापत्रकात टिकणार नाही. कोणकोणत्या ठिकाणी प्रमाणपत्रे आहेत ते आताच शोधावे आणि अक्मे या प्रमाणपत्रे आपोआप मिळवण्याच्या प्रोटोकॉलने नूतनीकरण स्वयंचलित करावे; लोड बॅलन्सर (वाहतूक अनेक सर्व्हरांत वाटणारे उपकरण) आणि जुन्या उपकरणांवर ते सर्वांत अवघड जाते, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

लॉग

हल्ल्यानंतर पहिला प्रश्न ‘केव्हापासून?’ हा असतो आणि त्याचे उत्तर फक्त लॉग देऊ शकतात. लॉग ज्या यंत्रावर तयार होतात तेथेच ठेवले, तर हल्लेखोर ते पुसतो. म्हणून ते तत्काळ केंद्रीय ठिकाणी पाठवावेत, आणि तेथे ॲडमिनिस्ट्रेटरलाही ते बदलता येऊ नयेत. सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने जुळलेली असावीत आणि नोंदी एकाच प्रमाणवेळेत असाव्यात, अन्यथा घटनाक्रम जुळवताना तासनतास वाया जातात.

सर्व काही गोळा करण्याचा मोह टाळावा. साठवणुकीचा खर्च वाढतो आणि महत्त्वाची नोंद गर्दीत हरवते. लॉगिनच्या नोंदी, अधिकारातील बदल, नव्या प्रक्रियांची (प्रोग्रामची) सुरुवात, डीएनएसकडे झालेल्या विचारणा, व्हीपीएन, फायरवॉल आणि क्लाउडच्या व्यवस्थापनाच्या नोंदी यांपासून सुरुवात करावी. विंडोजवर क्रमांक ४६२४ आणि ४६२५ या लॉगिनच्या नोंदी, ४७२० ही नवे खाते तयार झाल्याची आणि ११०२ ही ऑडिट लॉग पुसल्याची नोंद आहे. यांतील शेवटची नोंद दिसली तर तिची चौकशी त्याच दिवशी व्हावी.

प्रत्येक अलर्टसोबत तो आल्यावर काय करायचे याचे एक लहान टिपण असावे. ज्याच्यावर कोणीच काही करणार नाही, तो अलर्ट बंद करावा, कारण त्याच्यामुळे बाकीच्यांकडेही दुर्लक्ष करण्याची सवय लागते. आणि लॉग येतच नाहीत, याचाही अलर्ट असावा. एखादा सर्व्हर अचानक गप्प झाला तर ते चांगले लक्षण नाही. माइटर ॲटॅक या हल्ल्यांच्या पद्धतींच्या मोफत संग्रहातून एकेक पद्धत निवडून, लेखी परवानगी घेऊन ती आपल्याच चाचणी यंत्रावर करून पाहावी आणि अलर्ट खरोखर वाजतो का ते तपासावे.

यंत्रे नेहमी कशी वागतात हे ठाऊक असण्याला पर्याय नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दुरून सुरक्षितपणे यंत्रावर जाण्याच्या पद्धतीच्या) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे जाणवले, त्याने कारण शोधले आणि एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या, लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात जाणीवपूर्वक घातलेला चोरमार्ग उघडकीस आला. कोणत्याही साधनाने तो तोवर पकडला नव्हता. थोडेसे खटकले तरी त्याचा माग काढण्याची मुभा इंजिनीअरच्या वेळापत्रकात असावी, असा आग्रह मी म्हणूनच धरतो.

बॅकअप

माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्यत्र, हा नियम सर्वांना माहीत असतो. रॅन्समवेअरच्या (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या) काळात त्यात एक भर घालावी लागते: निदान एक प्रत अशी असावी की कंपनीच्या डिरेक्टरीतील कोणत्याही खात्याला, सर्वोच्च ॲडमिनिस्ट्रेटरलाही, ती ठरलेल्या मुदतीपूर्वी पुसता किंवा बदलता येणार नाही. बॅकअप सर्व्हर डिरेक्टरीत जोडलेला असेल आणि डिरेक्टरी हल्लेखोराच्या ताब्यात गेली, तर बॅकअपही त्याच्याच ताब्यात जातो.

जून २०१७ मधील नॉटपेट्या हल्ल्यात मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर) जगभर एकाच वेळी नष्ट झाले. ते एकमेकांच्या प्रती ठेवत असत, त्यामुळे स्वतंत्र बॅकअपची गरज भासली नव्हती. वाचला तो घानामधील एक कंट्रोलर, तोही हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे बंद होता म्हणून. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितल्यानुसार सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे करण्यात आले. एकमेकांची नक्कल करणारी यंत्रे असणे म्हणजे बॅकअप असणे नव्हे, हे या घटनेइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

बॅकअप झाल्याचा हिरवा शिक्का पाहून समाधान मानू नये. माहिती परत आणून पाहावी. दर तिमाहीला एक महत्त्वाची प्रणाली रिकाम्या यंत्रावर पूर्ण उभी करावी, लागलेला वेळ लिहून ठेवावा आणि तो वेळ व्यवसायाला परवडणारा आहे का, हे संबंधित विभागाला विचारावे. कोणती प्रणाली कोणत्या क्रमाने उभी करायची, हेही ठरलेले असावे: डिरेक्टरी आणि डीएनएस आधी, मग डेटाबेस, मग त्यांवर चालणारी ॲप्लिकेशने. ही सूचनापत्रे, दूरध्वनी क्रमांक आणि नेटवर्कचे नकाशे कागदावर छापलेलेही असावेत, कारण ज्या दिवशी ती लागतात, त्या दिवशी ती ठेवलेला सर्व्हरच बंद असू शकतो.

घटना घडते तेव्हा

संशयित यंत्र नेटवर्कपासून तोडावे, पण शक्यतो वीज बंद करू नये, कारण मेमरीतील पुरावा नाहीसा होतो. फाइली डोळ्यांदेखत एन्क्रिप्ट होत असतील आणि यंत्र वेगळे करता येत नसेल, तर मात्र बंद करणेच योग्य. कंपनीचा ईमेल हल्लेखोर वाचत असण्याची शक्यता गृहीत धरून संपर्काचे दुसरे, आधीच ठरवलेले साधन वापरावे. एका व्यक्तीने केवळ वेळेनुसार नोंदी लिहिण्याचेच काम करावे: कोणी काय पाहिले, काय केले, केव्हा केले.

एका यंत्रावर खूण सापडली म्हणून तेवढेच साफ करण्याची घाई करू नये. हल्लेखोर किती ठिकाणी आहे ते समजण्यापूर्वी एक दार बंद केले, तर तो सावध होऊन दुसऱ्या दाराने आत टिकून राहतो. डिरेक्टरी ताब्यात गेली असल्याची शंका असेल, तर केआरबीटीजीटी या खात्याचा (ज्याच्या आधारे डिरेक्टरी लॉगिनची तिकिटे, म्हणजे तात्पुरते प्रवेशपरवाने, देते) पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण प्रणाली मागील पासवर्डही मान्य करते; दोन बदलांमध्ये सर्व डोमेन कंट्रोलरांपर्यंत बदल पोहोचण्याइतके आणि जुन्या तिकिटांची मुदत संपण्याइतके अंतर ठेवावे.

कायदेशीर मुदती आधीच माहीत असाव्यात. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहितीसंरक्षण कायद्यानुसार वैयक्तिक माहितीच्या भंगाची सूचना ७२ तासांत द्यावी लागते, तर भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवाव्या लागतात. सूचना देण्याचे काम विधी विभागाचे असले, तरी त्यांना लागणारी तथ्ये इंजिनीअरकडूनच जातात. तेव्हा जे निश्चित आहे आणि जो अंदाज आहे ते वेगवेगळे लिहून द्यावे.

लोकांबरोबर काम

सुरक्षा विभाग ‘नाही’ म्हणणारा म्हणून ओळखला जाऊ लागला की लोक विचारणेच सोडून देतात, आणि मग यादीत नसलेली यंत्रे वाढतात. म्हणून कोणी चुकीची गोष्ट मागितली तर त्यामागची गरज समजून घ्यावी आणि ती भागवणारा सुरक्षित मार्ग स्वतः तयार करून द्यावा. सॉफ्टवेअर विकासकांना सुरक्षा कडक केलेल्या, तपासलेल्या सर्व्हर प्रतिमा (सर्व्हर उभा करण्याचे साचे) तयार मिळाल्या, तर ते स्वतःच्या बनवत बसत नाहीत. या प्रतिमांसाठी सीआयएस बेंचमार्क ही सुरक्षित सेटिंगची यादी चांगला पाया आहे. मात्र ती जशीच्या तशी लावू नये, कारण तिच्यातील काही सेटिंग जुनी ॲप्लिकेशने बंद पाडतात.

व्यवस्थापनाकडे निधी मागताना त्रुटींची संख्या सांगून फारसा उपयोग होत नाही. कोणते काम किती काळ थांबू शकते, ते थांबू नये म्हणून काय करावे लागेल आणि ते न केल्यास तो धोका कोणाच्या सहीने स्वीकारला जाईल, एवढे एका पानात मांडावे.

या कामासाठी लागणाऱ्या ज्ञानात नेटवर्क, लिनक्स, विंडोज डिरेक्टरी, एक क्लाउड सेवा आणि पायथन किंवा पॉवरशेलमधील स्क्रिप्टिंग हे अपरिहार्य आहे. व्यावसायिक प्रमाणपत्रांच्या परीक्षा मुलाखतीपर्यंत पोहोचवतात. पुढचे काम स्वतः उभारलेल्या आणि मोडून पुन्हा उभारलेल्या प्रयोगशाळेतून शिकता येते. दुसऱ्याच्या यंत्रावर, कितीही निरुपद्रवी वाटली तरी, लेखी परवानगीशिवाय कोणतीही चाचणी करू नये.

कंपनी सोडण्याची वेळ येते तेव्हा आपल्या नावावरील प्रत्येक यंत्र, सर्व्हिस खाते, फायरवॉल नियम आणि प्रमाणपत्र नव्या मालकाच्या नावावर करून द्यावे आणि ती यादी त्याच्यासोबत बसून एकदा ओळीने वाचावी. आपल्याला ठाऊक असलेले सामायिक पासवर्ड आणि आणीबाणीच्या खात्यांची ओळखपत्रे बदलून घेण्यास सांगावे, स्वतःची सर्व खाती बंद झाल्याचे लेखी कळवण्याची विनंती करावी, आणि एखाद्या स्वयंचलित कामाला आपले वैयक्तिक खाते जोडलेले राहिले आहे का, हे शेवटच्या आठवड्याच्या आधी तपासावे, म्हणजे ते खाते बंद झाल्यावर काही थांबलेच तर दुरुस्त करायला आपण अजून तेथे असतो.